सुग्रीवची अर्धी गोळी

५ नोव्हेंबर
तेलगावजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात आज रुजू झाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा वसतिगृह मिळालं! ओळीनं लोखंडी खाटा, खिडकीबाहेर फुटलेला कापूस. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये निजताना सिस्टर प्रत्येकीच्या कपाळावरून हात फिरवायच्या. आता ते काम माझं, फक्त हातात गोळ्या. दारू सुटली की झोप उडते, मन खचतं. डॉक्टर आठवड्याला येऊन त्यावर गोळ्या लिहून देतात, मी त्या जेवणानंतर वाटायच्या. स्वयंपाकघरातल्या तुळजाबाईंनी भाकरी वाढतानाच बजावलं, “बाई, समदे गोड बोलत्यात. लई इस्वास ठिवू नका.”

८ नोव्हेंबर
धुळाजी मेंढपाळ आहे. कळपाच्या आठवणीनं लहान मुलासारखा रडतो. जीव लागला त्याच्यावर. पण गोळी घेतल्यावर त्याची एक मूठ मिटलेलीच राहते. विकतो? की साठवतो आहे, एकदम खाण्यासाठी? या विचारानं जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर
पकडलं. गोळी दातानं तोडून अर्धी खिडकीत ठेवतो. म्हणाला, ती सुग्रीवची. सुग्रीव त्याचा थोरला भाऊ, दारूनंच गेला. शेवटी त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. यांच्या घरात पहिला घास गेलेल्या माणसासाठी काढून ठेवतात. यानं गोळीचाही काढला! त्याला झोपू द्या, न्हाईतर मला संगं न्हेईल, म्हणतो. सकाळी ती अर्धी तिथे नसते म्हणे. उंदीर नेत असतील.
डॉक्टर फोनवर म्हणाले, डोस पूर्ण गेलाच पाहिजे. आजपासून माझ्यासमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं.

१४ नोव्हेंबर
धुळाजी गाढ झोपतो. डॉक्टर खूश.
पण खोलीत हातभट्टीचा वास येतो. तुळजाबाईंचा झाडलोट करणाऱ्या गड्यावर संशय, माझा तुळजाबाईंवर. सगळ्यांची तोंडं हुंगली. कुणीच प्यायलेलं नाही.

१६ नोव्हेंबर
वास धुळाजीच्या खाटेपाशीच. दुपारी तो भिंतीला सांगत होता, “माज्यापाशी न्हाई रं दादा. बाईला माग.” मला घाबरवून अर्धी गोळी परत मिळवायची आहे त्याला. डाव ओळखते मी. वर्गात असे पुष्कळ पाहिले.

१७ नोव्हेंबर
रांगेत धुळाजी शेवटचा होता. तो गेल्यावर आणखी एक तळवा पुढे आला. काळवंडलेला, थरथरणारा. मी मान वर केली नाही. गोळी दिली नाही. कपाटाला कुलूप लावलं आणि—
कुणाला सांगू?

१८ नोव्हेंबर, सकाळ
धुळाजी उठत नाही. खाटेच्या अगदी कडेला निजला आहे, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. ती रिकामी बाजू खचलेली—
तुळजाबाई ओरडताहेत, बाई, आंग गार हाय.
खिडकीत अर्धी ठेवली. मग पूर्ण ठेवली. घे रे बाबा, पण त्याला सोड—
कुणी उचलत नाही.
धुळाजीचा तळवा उघडतो आहे. माझ्याकडे. श्वास नाही, तरी—
आणि रिकाम्या बाजूनं दुसरा—