मिसरीचं बोट

९ फेब्रुवारी
जालन्याच्या डॉ.बाईकडं दात पांढरे करून आले. लेकीच्या, पूजाच्या वेळच्या बाळंतपणात तंबाखूच्या मिसरीची सवय लागल्ती, वीस-बावीस वर्षं घासून पार काळे केल्ते. मिसरी दिवाळीपासून बंद. पूजाच्या साखरपुड्यात फोटोला तोंड उघडून हसायचं, एवढीच हौस. तिच्या बारशापासून एकाबी फोटोत माझे दात न्हाईत.
दोन-चार दिवस ठणकतील म्हणल्या. चहा, हळद बंद. दूधभात खाल्ला.

१० फेब्रु.
आई गं. माठातलं पाणी तोंडात घेतलं आन् डोळ्यापुढं काजवे. कामावर, बियाण्याच्या प्लँटवर निवडणी करताना नुसतं वारं लागलं तरी कळ. मिसरीनं बधिर होतं सगळं, हे डोक्यातून जाईना. सासूबाईची डबी कोनाड्यातच आहे.

११ फेब्रु.
खोटं कशाला लिहू. सकाळी डबी उघडलीच. चिमूट बोटावर घेतली, तर मागं सासूबाई उभ्या. रागावल्या न्हाईत. डबी घेतली आन् अख्खी मोरीत उपडी केली. चाळीस वर्षांची त्यांची सवय!
"तू नको सुरू करू. मी बी बघते किती दिवस निघतात."
लई रडले मी.

१२ फेब्रु.
परत डॉ.बाईकडं गेल्ते. चूक माझीच. त्यांनी ठणक्यासाठी दिलेली पेस्ट मी कडक ब्रशनं खसाखसा घासायची आन् लगेच खळखळून चूळ. औषध सगळं मोरीत. आता मऊ ब्रश. मंग पेस्ट बोटानं दातावर लावून थोडं बसायचं, थुंकायचं, चूळ भरायची न्हाई. हसूच आलं. बोटानं लावून बसून राहा, हे मिसरीवालीला शिकवायचं व्हय? पाणी कोमट. आंबट, थंड बंद.
आन् व्याही परतूरचे मोसंबीवाले!

१४ फेब्रु.
बराच उतार. सांजच्याला ओट्यावर आम्ही दोघी. मी पेस्ट लावून, सासूबाई रिकामंच बोट दातावर फिरवून राह्यल्या. हे म्हणले, घरात लई शांतता झाली.
डॉ.बाईचं भलं होवो. आन् माझ्या म्हातारीचं त्याच्याहून जास्त.

१६ फेब्रु.
साखरपुडा झाला. व्याह्यांनी बागेतल्या मोसंब्याचा रस आणल्ता, बर्फ घालून. पहिला ग्लास विहीणबाईनं मलाच धरला. मानाचा ग्लास, न्हाई कसं म्हणावं? पण कानात खरं तेच सांगितलं, मिसरीचे दात पांढरे करून घेतलेत, थंड-आंबट सोसत न्हाई. त्यांनी वाकून माझे दात बघितले. मंग ग्लास दुसऱ्याला दिला आन् माझ्यासाठी कोमट दूध मागवलं. उपकारच म्हणायचे.
फोटोत मी हसले. अगदी तोंडभरून. शेजारी विहीणबाई पदर तोंडावर धरून हसल्या. पदर सरकला तेव्हा त्यांचे दात दिसले, माझे होते तसेच काळे.
निघताना बाजूला घेऊन हळूच म्हणल्या, "लई ठणकतं का हो?"
"ठणकतं. पण घरात एक सोबतीण पायजे. मला सासू भेटली."
त्यांनी पूजाकडं बघितलं.