थेडाआजींच्या छतावरची टाकी

लेअर
२ मार्च २०१९

तीर्थरूप आजोबांना वीब्केचा सा. न. वि. वि.

बेटावरची हवा मानवतेय का? खोकला कमी आहे ना? इकडे मी आणि मांजर ठीक आहोत. फोन करणार होते, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे दोघांनी नुसतं एकमेकांचे श्वास ऐकत बसायचं. त्यापेक्षा पत्र बरं.

ओंकेनकाकांची बाराशे लिटरची माशांची टाकी काल भरली. अजून मासे सोडले नाहीत. तुम्ही कागदावर काढून दिलं होतं तसंच सगळं केलं. टाकीच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात तीन पाइप. एक रोजचा, एक जास्तीचं पाणी घ्यायला, आणि तिसरा कायम कोरडा, फक्त संकटासाठी. पाणी काठावरून कप्प्यात पडतं, पाइपाने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत येतं, तिथून पंप ते परत वर ढकलतो. एकही जोड गळत नाही. काकांनी मोजे काढून गालिच्यावर चालून खात्री केली. म्हणाले, पोरी, तुझ्या आजोबांनी जहाजंच बांधायला हवी होती.

पण एक गोष्ट सांगायचीय. प्लग काढून बघायचं ते मी पूर्ण केलं नाही. तुमचा नियम मला पाठ आहे. वीज गेल्यासारखा पंप बंद करायचा, मालकाबरोबर चहाला बसायचं, आणि तिसरा कप संपल्यावरच खालच्या टाकीत डोकवायचं. तीन कपांआधी आपल्याकडे कोणी उठतच नाही, म्हणून तेच घड्याळ. मी प्लग काढला. काकांनी चहा ओतला, खडीसाखर तडतडली, आणि मग ते विचारायला लागले. शाळा का सोडलीस, पुढे काय करणार, कोणी मित्रबित्र आहे का. माझे कान तापले. पहिला कप संपला तशी मी चमचा कपात ठेवला, म्हणजे आता पुरे. काका बघतच राहिले. चहा एवढा वाईट होता का, म्हणाले. मी नाही नाही करत खाली वाकले, पाणी काठाच्या वीतभर खाली दिसलं, प्लग लावला आणि पळाले.

घरी आल्यावर विचार करत बसले. पाणी थांबलं होतं की अजून चढत होतं? मला आठवतच नाही. आणि त्यांच्या इमारतीच्या दारावर चिठ्ठी आहे, रस्त्यात केबलचं काम, मंगळवारी बारा तारखेला सकाळी नऊ ते बारा वीज बंद. काका त्याच दिवशी पहाटे मुलीकडे हॅम्बुर्गला जाणार. वर कोणीच नसेल. आणि खालच्या मजल्यावर, बरोबर टाकीच्या खाली, थेडाआजींचा पलंग आहे. त्यांना धरल्याशिवाय उठता येत नाही.

मला फार भीती वाटतेय. लवकर लिहा. हे वाचूनही माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
वीब्के


बोर्कुम
५ मार्च

चि. वीब्केस अनेक आशीर्वाद.

खोकला आहे तसाच. रोज सकाळी आम्हा दहा म्हाताऱ्यांना किनाऱ्यावर रांगेत उभं करून खोल श्वास घ्यायला लावतात. समोर वाळूवर सील पडलेले असतात, ते आमच्याकडे बघून आपसात काय बोलत असतील देव जाणे.

एकाच कपानंतर चमचा ठेवलास? ओंकेनने तुला दारातून बाहेर काढलं नाही हेच नशीब.

आता नीट वाच. पंपाचं पाणी वर ज्या तोंडातून पडतं, ते टाकीत वीतभर बुडालेलं आहे. पंप थांबला की पाणी त्याच वाटेने उलटं खाली यायला बघतं, ते तोंड उघडं पडेपर्यंत. म्हणजे अडीचशे लिटरच्या वर. खालच्या टाकीत रिकामी जागा नव्वद लिटरची. म्हणून त्या पाइपाला पाण्याखाली बोटभरावर भोक पाडायला सांगितलं होतं. पाणी बोटभर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. खाली एकमार्गी व्हॉल्व्ह बसवलाय, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. त्यात कचऱ्याचा कण जरी अडकला तरी पाणी हळूहळू झिरपत राहतं. एका कपात कळत नाही, तिसऱ्यात कळतं.

पंप चालू असताना त्या भोकातून बारीक धार निघते. ती धार तू पाहिलीस का? पाहिली असशील तर निर्धास्त झोप. नसेल तर आजच जा.

मांजराला मासळी उकडून घाल. तब्येतीला जप आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

आजोबा


लेअर
७ मार्च

तीर्थरूप आजोबांना सा. न. वि. वि.

धार पाहिल्याचं आठवत नाही. भोक मी पाडलं होतं हे नक्की, पण त्याच्या शेजारचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, नंतर चिकटवला आणि सोल्युशन जरा जास्तच लावलं होतं. ते ओघळून भोकात गेलं असेल का? मी तिकडे बघितलंच नाही, कारण काका माझ्याकडे बघत होते.

काल गेले होते. बेलपर्यंत बोट नेलं. मग वाटलं, चूक झाली म्हटल्यावर ते ओरडतील, किंवा ओरडणार नाहीत आणि परत चहाला बसवतील. शाळेत फळ्यापाशी बोलावलं की व्हायचं तसंच झालं, जीभ टाळूला चिकटली. परत फिरले. आज पुन्हा गेले. थेडाआजींनी पलंगावरून मला खिडकीतून पाहिलं आणि हाक मारून आत बोलावलं. मी म्हटलं, चिठ्ठी वाचायला आलेय. त्या म्हणाल्या, कितीदा वाचशील, पाठ करायचीय का? त्यांच्या छताकडे माझी नजर सारखी जात होती. प्लास्टर जुनं आहे, मध्ये दिवा लोंबतोय, आणि पलंग त्याच्याच खाली.

तुम्ही काकांना दोन ओळी लिहाल का? माझ्याच्याने होत नाहीये. रागावू नका.

वीब्के


बोर्कुम
९ मार्च

चि. वीब्केस आशीर्वाद.

रागावलो आहे. तुझ्या लाजण्यावर नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलीस त्यावर.

ओंकेनला मी लिहिणार नाही. पण त्या बाईच्या अंगावर पाणी पडेपर्यंत तुझी जीभ सुटायची वाट बघत बसणारही नाही. सोमवारी पाच वाजता इथली नर्स त्याला फोन करेल. त्याआधी तू गेली असशील तर तो म्हणेल, पोरगी येऊन गेली. नसशील तर माझ्याकडून ऐकेल, आणि मग त्याच्या घरात तुला पाइपाला हात लावू देईल असं मला वाटत नाही.

बोलता येत नसेल तर हातावर लिहून ने. बेलला स्वतःचा आवाज आहे, तुला फक्त दाबायचीय.

ड्रिलचं सहा मिलिमीटरचं बिट दुसऱ्या खणात आहे.

आजोबा


लेअर
१२ मार्च

तीर्थरूप आजोबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी आलं. साडेतीनला मी बेल दाबली. डाव्या हातावर पेनाने लिहिलं होतं, काका, मी तपासणी अर्धवट सोडली, चूक माझी आहे. वाचून दाखवलं. शेवटचा शब्द घामाने पुसला होता तो आठवणीने म्हटला. काका सरळ किटली ठेवायला गेले. त्याने जास्तच भीती वाटली.

धार नव्हती. भोकाच्या जागी सोल्युशनचा चकचकीत थेंब वाळून बसला होता.

मी प्लग काढला. पहिल्या कपाला खालच्या टाकीत पाणी काठापासून वीतभर खाली, पहिल्या वेळेसारखंच. दुसऱ्या कपाला चार बोटं. तिसरा कप मी प्यायलेच नाही, टाकीपुढे गुडघे टेकून बसले. पाणी काठाला लागलं, काठावर फुगलं, आणि एक थेंब बाहेर आला. काचेवरून खाली जाताना मला तो अजून दिसतोय. काका मागून ओरडले, प्लग लाव, लाव आधी! लावला. पंपाने पाणी वर खेचलं. काका खुर्चीत बसले आणि किती तरी वेळ जमिनीकडे बघत होते. जमिनीच्या खाली कोण झोपतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मग त्यांनीच बॅटरी धरली. मी पाइप काढला, भोक पुन्हा पाडलं. व्हॉल्व्हमध्ये पाइपाचा नखाएवढा तुकडा निघाला. परत जोडलं, धार आली, परत प्लग काढला. वरचं बोटभर पाणी उतरलं आणि भोकाने गट्ट करून हवा ओढली. त्यानंतर तीन कप चहा, पाणी जागचं हललं नाही. पाचला नर्सचा फोन आला तेव्हा काकांनी तिला सांगितलं, म्हाताऱ्याला सांगा, पोरगी इथेच आहे आणि आज पोटात चहा मावत नाहीये तिच्या. मला मात्र म्हणाले, थेडाला हे तूच सांगायचं, मी सांगणार नाही.

म्हणून आज वीज जायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं, काही न लपवता, हातावर न लिहिता. थेडाआजींनी आधी छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, म्हणजे गेले दहा दिवस मी तळ्याखाली झोपत होते आणि तू दारात उभी राहून चिठ्ठी वाचत होतीस? मी मान डोलावली. दुरुस्त झालंय ना, विचारलं त्यांनी. झालंय म्हटलं. तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, बरं, विश्वास आहे, पण पलंग हलव.

पलंगाला चाकं आहेत. त्यांच्यासकट तो पलीकडच्या भिंतीला नेला. आजवर हे कोणालाच कसं सुचलं नाही, मलाही नाही. नऊला दिवा गेला. आम्ही दोघी त्या रिकाम्या जागेवरच्या छताकडे बघत बसलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि जास्त घाबरलं कोण होतं ते सांगता येणार नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी दिवा लागला. छत कोरडं होतं.

त्यांनी विचारलं, आता पलंग होता तिथे नेतेस?

मी म्हटलं, राहू दे इथेच.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात की तुम्हीही एकदा वर जाऊन बघा. तोवर श्वास खोल घ्या, आणि माझ्यावर थोडे रागावलेले असलात तरी लोभ असू द्या.

तुमची,
वीब्के