टीव्हीवरचं टायट्रेशन

२ डिसेंबर १९९६, आष्टी
पुण्याहून व्हिडिओ कॅसेट आली! बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आता टीव्हीवर. प्रयोगशाळेची गरजच संपली. देश कुठल्या कुठं चाललाय आणि आमच्या शिवांजली मॅडम अजून पोरांना थेंब मोजायला लावतात. प्राचार्य अर्जुनराव म्हणाले, निम्मी पोरं तुम्ही घ्या, निम्मी मॅडम घेतील. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला ज्याची बॅच चमकेल तो विभागप्रमुख. म्हणजे मीच. दारावर विभागप्रमुखाची पाटी निळी करावी.

५ डिसेंबर
लाइट नाही.

६ डिसेंबर
लाइट नाही. फळ्यावर टीव्हीचं चित्र काढून शिकवलं.

१२ डिसेंबर
लाइट! टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून, त्या खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं, खाली फ्लास्कमध्ये गुलाबी झालं की थांबायचं. लई कंटाळवाणं. तेवढा भाग फास्ट फॉरवर्ड केला. अर्ध्या मिनिटात गुलाबी! पोरं खूश. मॅडमच्या बॅचचे हात त्या द्रावणाच्या डागानं तपकिरी. माझ्या पोरांचे कसे स्वच्छ!

८ जानेवारी
माझ्या बॅचमधल्या सिदूनं विचारलं, एकदा हातानं करून बघू का, सर? आगाऊ कार्टं. म्हणालो, पिक्चर बघून आल्यावर मारामारी स्वतः करतोस का बे? जागेवर जाऊन बसला. मुद्द्यापुढं कोण टिकतंय!

१४ फेब्रुवारी, दुपार
बोर्डाचे परीक्षक आले. माझ्या पोरांनी ब्युरेटची तोटी पूर्ण उघडली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. फ्लास्क भरला. टेबल जांभळं. परीक्षकांची सफारीसुद्धा. थांबला का न्हाईत, मी विचारलं तर सिदू म्हणतो, टीव्हीत असंच धबाधबा पडतंय की. मी परीक्षकांना सांगितलं, तोटी खराब हाय.

१७ फेब्रुवारी
मॅडम विभागप्रमुख. राजकारण, दुसरं काय! लई वाईट वाटलं. जेवलोसुद्धा नाही. वर प्राचार्य म्हणतात, त्यांच्या प्रॅक्टिकलला जाऊन शिकून घ्या. जातो. त्यांच्या चुका तरी टिपता येतील.

२० फेब्रुवारी
अकरावीच्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो. ब्युरेट हातात. एक थेंब. अजून एक. काहीच होईना, म्हणून तोटी जराशी सैल केली. अन् एकदम गुलाबी! मी ओरडलोच. नोकरीत इतका आनंद कधी झाला नव्हता. मॅडमनी फ्लास्क खिडकीपाशी धरला. म्हणाल्या, फिकट पाहिजे होतं सर, हे फारच गडद झालं. ओतून द्या, पुन्हा करा.
मी म्हणालो, टीव्हीवर गडदच असतं. कुणी ऐकलं नाही. सगळी पोरं आपापल्या फ्लास्ककडं बघत होती.