आत्यापुढे किती माणसं?

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. समोर आलो तर पाठीत धपाटा घालशील, म्हणून कागदावरूनच वाकतो. डोळा कसा आहे? आतोबांचे गुडघे? इकडे सगळे ठीक, माझ्या नोकरीचं तेवढं सांगता येत नाही.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात तू सकाळी दहा ते पाच बसलीस, तीनदा थेंब घालून घेतलेस, ऑपरेशनची खोली पंधरा पावलांवर, आणि बोर्डावर दिवसभर ‘तुमच्यापुढे किती : मोजणी चालू’. शेवटी ‘मेले तरी या दारात येणार नाही’ म्हणून निघून गेलीस. तो बोर्ड आमच्या कंपनीचा, हे तुला कळलंच आहे. चूक कुणाची ते ऐक. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर तयार अवजारांची पेटी मिळते. तिच्यात अंतर मोजायचं एक अवजार आहे. एक बोट रांगेतल्या पहिल्या माणसावर ठेवायचं, दुसरं तुझ्यावर. ते एकेकाला ‘तुझ्यामागे कोण?’ विचारत चालत जातं आणि पावलं सांगतं. दोन्ही बोटं एकाच रांगेत आहेत का, एवढं मात्र ते विचारत नाही. पहिलं बोट होतं तपासणीच्या रांगेत आणि तू बसलेली ऑपरेशनच्या. (बोटं ठेवली मीच, आतोबा. चहा गार होत होता, घाई झाली.) मग रांग संपली की बिचारं तीच रांग पुन्हा पहिल्यापासून, असं दिवसभर तुला शोधत फिरलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. त्या भाषेच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की असं केल्यास काय होईल ते सांगता येत नाही. साहेबांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते ग्राहकाला पाठवायच्या उत्तरात जसंच्या तसं घातलं. मग एकमताने ठरलं की बोर्ड लहान आहे, मोठा बसवावा. (पहिला हात माझाच वर गेला.) तेव्हा दोष पेटीचा, पुस्तकाचा आणि बोर्डाचा. तुझ्या भाच्याचा यात काडीचा संबंध नाही.

डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पार पिकलाय; आता टाळलंत तर त्या डोळ्याचं काही खरं नाही. आत्या, मला भीती वाटते गं.

तुझा भाचा

ता. क. : मंगळवारी दहाला ये. बोर्डावर चादर टाकलीय. शिपाई दारात उभा राहून नावं पुकारतो, अजून एकदाही चुकलेला नाही.

ता. क. २ : आतोबा, तिला दिसत नाही, म्हणजे पत्र तुम्हीच मोठ्याने वाचणार. कंसातलं फक्त तुमच्यासाठी आहे, ते गाळा. (हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, ते आत्ता सुचतंय.)

ता. क. ३ : आत्या, ऐकलंस ना सगळं? मग ये. मी दारातच उभा असेन. ऑपरेशन आधी, धपाटा नंतर. नेमका बसायला डोळा चांगला हवा.