नकाशावरून पुसलेल्या तळ्याची वाटणी

मी, ऑडुन नेस्टेगार्ड, वय एकाहत्तर, राहणार विंटन, मिनेसोटा, सरकारी नकाशा खात्यातला निवृत्त आरेखक. छातीने दगा दिला असला तरी डोकं ठिकाणावर आहे, आणि हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी रान्वेग हिला.

२. शाईच्या लेखण्या मुलगी सिग्ने हिला. लुसियन थॉर्प मागायला आला तर त्याला तुटकं निबही देऊ नये.

३. आता तळं. १९११च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या हद्दीलगतच्या रानात थॉर्प होडी वल्हवत मोजणी करी आणि मी कचेरीत बसून त्याच्या कच्च्या कागदांवरून पक्का नकाशा काढी. नवं तळं सापडलं की मोजणाऱ्याने नाव द्यायचं, ही आमची रीत. कोणी बायकोचं देई, कोणी आचाऱ्याच्या कुत्र्याचं. तिथल्या ओजिब्वे लोकांची नावं आम्ही विचारलीच नाहीत. थॉर्पने एका तळ्यावर लिहिलं, 'रान्वेग'. माझ्या बायकोचं नाव, आणि आमच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या तळ्यावर दलदलीच्या खुणा काढल्या आणि नकाशा छापायला धाडला.

थॉर्प हसला. म्हणाला, "काय रे, अख्खं तळं गिळलंस? पचलं का?"

नाही पचलं. गेल्या वर्षी विमानातून फोटो काढले, त्यात तळं लख्ख दिसतंय. खात्याने मला पत्राने नाव विचारलंय. थॉर्पचा मूळ कागद माझ्या पेटीत आहे. तो खात्याला द्यावा आणि दलदल मी मत्सरापोटी काढली, हे कळवावं. नाव कागदावर आहे तेच राहू द्यावं.

४. रान्वेगला तळं बघायचं झाल्यास थॉर्पने न्यावं, रस्ता त्यालाच ठाऊक. होडीत तिने पुढे बसावं, म्हणजे त्याचं तोंड तिला दिसणार नाही. पण मग तो वाटभर तिच्याकडेच बघत बसेल. म्हणून सिग्नेने मध्ये बसावं.

हे रान्वेगला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, थॉर्पचं काय घेऊन बसलात? तळ्याचं मला तेव्हाच कळलं होतं. सदतीस वर्षं वाट बघतेय मी, तुम्ही कधी नेताय म्हणून."

५. सबब कलम चार रद्द. बर्फ वितळेपर्यंत जगलो तर मीच नेईन. न जगलो, तर तिने वाटेल त्याच्याबरोबर जावं, वाटेल तिथे बसावं. जळायला मी नसेन.

सही: ऑडुन नेस्टेगार्ड
साक्षीदार: वैनो लेहतिनेन, शेजारी; क्लारा बुशे, पोस्टमास्तरीण
विंटन, ९ फेब्रुवारी १९४८