मुके फोन

सोमवार, ३ जून

अपग्रेड यशस्वी! पडद्यावर तसं स्वच्छ लिहून आलं. पडदा कशाला खोटं बोलेल?

साहेबांनी लगेच सगळ्यांना मेल टाकली — 'आपली हेल्पलाइन आता नव्या युगात'. खचलेली, जिवाला कंटाळलेली माणसं आम्हाला फोन करतात. युग कुठलं चाललंय याची त्यांना भारी उत्सुकता असणार.

मी फोन घेत नाही. मी फक्त यंत्रं बघते. माणसांची दुःखं पलीकडच्या खोलीत, सर्व्हरची या खोलीत — अशी आमची वाटणी आहे.

दुपारी आक्का दारात आल्या. फोन घेणाऱ्यांत सगळ्यात जुन्या. म्हणाल्या, फोन वाजतो, उचलला की पलीकडे चिडीचूप. म्हटलं, माणूस विचार करत असेल. त्या म्हणाल्या, आज सकाळपासून बरेचजण विचारच करतायत.

मंगळवार, ४ जून

सगळे फोन नाहीत, काहीच मुके. यंत्र पूर्ण बिघडलेलं परवडलं. अर्धवट बिघडलेलं म्हणजे गोड बोलणारी नणंद — तक्रार करावी तर पुरावा नाही.

एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन लावून पाहिला. खणखणीत. मग माझ्या मोबाइलवरून लावत बसले, उचलायला आक्का. ठीक, ठीक, ठीक — आणि एक मुका! मोबाइल टेबलावर ठेवला, आक्कांचा हेडफोन कानाला लावला. काही नाही. लिहून टाकलं: लाइन मृत.

फोन कंपनीला कळवलं. 'आमच्याकडून सगळं ठीक आहे.' हे वाक्य तिथे नोकरीला लागतानाच तोंडात बसवून देत असावेत.

साहेब म्हणाले, मग जुनीच सिस्टीम परत टाका. टाकली असती. पण त्यांच्या भाषणांच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून जुनी प्रत त्यांनीच पुसायला लावली. हे मी तोंडावर बोलले नाही. पगार प्यारा आहे.

बुधवार, ५ जून

मुके फोन लाइन अडवून बसतात आणि खरी माणसं ताटकळतात. म्हणून मी सुचवलं, साहेबांनी सही ठोकली: पलीकडून आवाज आला नाही तर फोन ताबडतोब ठेवावा. कागद भिंतीवर लागला. सगळ्याजणींनी ऐकलं. आक्का सोडून.

आक्का मुक्या फोनवर बोलतात! चक्क गप्पा. जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन. खिडकीखालच्या मांजरीने पिल्लं कुठे हलवली त्याची चौकशी. मधूनच, "मी आहे हं. घाई नाही." मी म्हटलं, आक्का, भिंतीशी बोलताय तुम्ही. त्यांनी हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. पलीकडे दोन फोन रांगेत वाजत होते. शेवटी मी त्यांच्या डोक्यावरचा हेडफोनच काढून घेतला, "मेलीये ही, कोणी नाहीये," म्हटलं आणि फोन कापला.

आक्कांनी माझ्या हातातून हेडफोन परत घेतला आणि रांगेतला पुढचा फोन उचलला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे फोन कापायचे पैसे घेतेस तू. म्हटलं, हो, प्रवासभत्त्यासकट.

गुरुवार, ६ जून

तेच. कंपनीकडून सगळं ठीक आहे.

शुक्रवार, ७ जून

साहेबांची बैठक चालू होती, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. म्हणून आक्कांना हेडफोन लावून बसायला सांगितलं आणि मी मोबाइल घेऊन जिन्यात गेले. लावत राहिले. एकदाचा मुका लागला. मी हॅलो, हॅलो करतेय — आक्कांपर्यंत काही पोचत नाही.

पण आक्का बोलत होत्या. माझ्या कानात. अगदी शेजारी बसल्यासारख्या. "बोला, नाहीतर नका बोलू. मी इथेच आहे."

मी मोबाइल कानावर आणखी दाबला.

लाइन मेलेली नव्हती. अर्धी जिवंत होती. त्यांचा आवाज आम्हाला येत नव्हता, आमचा त्यांना जात होता. सगळाच. 'कोणी नाही गं, ठेव' असं बाकीच्या एकमेकींना म्हणायच्या, तेही. बुधवारी मी बोलले तेही. आणि मी हुशार, मोबाइल कानाला न लावताच लाइन मृत म्हणून मोकळी झाले होते!

मग बिघाड सापडायला वेळ लागला नाही. आमच्या सर्व्हरला दोन दारं — नवी लाइन आणि जुनी. फोनचा आवाज नव्या दाराने आत येतो. अपग्रेडने कोणाला न विचारता बाहेर जायचा मुख्य रस्ता जुन्या दाराने ठरवून टाकला. वर नवी सिस्टीम महासंशयी — म्हणते, ज्या दाराने मी उत्तर देणार नाही, तिथून आलेलं काही आत घेणार नाही. आमचं बोलणं जुन्या दाराने सुखरूप बाहेर. त्यांचं नव्या दाराशी कचऱ्यात. कंपनीचे फोन अनेक यंत्रांतून येतात; त्यांतल्या एकाचा रस्ता मी पूर्वी हाताने लिहिलेला होता, तो अपग्रेडमधून वाचला. म्हणून तेवढे फोन ठीक.

एक ओळ बदलली. झालं. एवढ्यासाठी.

आक्कांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांना ऐकू जात होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसत बसल्या. मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं का. "मला कुठलं कळायला," त्या म्हणाल्या. "पण फोन वाजला म्हणजे कोणीतरी केला असेल ना?"

शनिवार, ८ जून

त्या माणसांना उलट फोन करता येत नाही. त्यांचे नंबर आम्हाला दिसत नाहीत, साठतही नाहीत. तसा शब्दच दिलाय आम्ही. ती व्यवस्था मीच केली. फार चोख केली, शाबास!

साहेबांना अहवालात 'किरकोळ व्यत्यय' हवा होता. मी लिहिलं, 'लोक आपल्याला ऐकत होते आणि आपण फोन ठेवत होतो.' भाषा सौम्य करा म्हणून परत आला. मी तोच परत पाठवला. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. अपग्रेडचा पहिला फायदा.

आक्कांना विचारलं, मला फोन घ्यायला शिकवाल का. म्हणाल्या, आधी ऐकायला शीक. तुझ्या जिभेचं नंतर बघू.

सोमवार, १० जून

आक्कांशेजारी बसून नुसतं ऐकलं. एकदाही टोमणा सुचला नाही. तब्येत बघायला हवी.

मंगळवार, १८ जून

आक्का एका फोनवर अडकल्या होत्या. दुसरा वाजला. त्यांनी मान हलवली, मी उचलला.

पलीकडे शांत. सवयीने पडद्याकडे बघितलं — लाइन ठीक, दोन्ही बाजूंनी. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, मी आहे, घाई नाही. आणि गप्प बसले.

बऱ्याच वेळाने एका बाईचा आवाज आला. "आज ऐकू येतंय का तुम्हाला?"

म्हटलं, येतंय.