अण्णांचा सांभाळ आणि माझी नोकरी

३ मार्च, सकाळी ११
नोकरी शोधायला आजपासून सुरुवात. समाजकार्याची पदवी मिळून तेरा वर्षं झाली, पण घाईत निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही. आता एकोणचाळिसाव्या वर्षी पक्कं ठरलं: उरलेलं आयुष्य वृद्धांसाठी. उद्यापासून पाचला उठणार. अडचण एकच. अण्णा. वय एक्क्याऐंशी. आई गेल्यापासून वडिलांची सगळी जबाबदारी माझ्यावर. पार अडकून पडलोय.

५ मार्च
साडेनऊला अण्णांनी उठवलं. माझा चहा निवला होता, त्यांनी परत केला. वृद्धांना कामात गुंतवून ठेवावं, असं शास्त्र आहे. पेपरातली जाहिरातही कापून ठेवली होती: ज्येष्ठांच्या केंद्राला समाजसेवक हवा. मी बघणारच होतो.

९ मार्च
अर्ज लिहिला. अनुभव: 'घरी एका वृद्धाचा चोवीस तास सांभाळ.' लिहिताना डोळे भरून आले. पोस्टात टाकायला अण्णा गेले. त्यांचं चालणं व्हायला हवं.

१४ मार्च
मुलाखत. अण्णांनी शर्टाला इस्त्री केली, बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. केंद्राच्या मॅडमनी विचारलं, वडील कुठल्या गोळ्या घेतात? म्हटलं, पांढऱ्या. त्यांनी लगेच लिहून घेतलं. काम झाल्यात जमा.

२२ मार्च
एका मुलीला घेतलं. वशिला असणार! ताईचा फोन आला, तिला सांगून टाकलं: अण्णांमुळे मला हलता येत नाही. तिने दोनदा विचारलं, 'कोणामुळे?' माझा त्याग पहिल्यांदाच कळला असावा. मग अण्णांना फोन द्यायला सांगितलं. अण्णांनी खोलीचं दार लावून घेतलं.

२९ मार्च
तीच मुलगी दारात! वाटलं, चूक सुधारायला आली. पण बोलावलं होतं अण्णांनी. तिला म्हणाले, बाई गं, जिना चढताना धाप लागते आता. कुठेतरी पंधरा दिवस नुसतं पडून राहावंसं वाटतं. पण याला कोणावर टाकू? याला गॅससुद्धा पेटवता येत नाही.
मी हसलो. ती हसली नाही.

३१ मार्च
अण्णांना केंद्रात पंधरा दिवस विश्रांती मंजूर. बॅग भरताना शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे मला माहीतच नव्हतं. मुलीने फॉर्म भरताना विचारलं, तुम्ही एकटे राहू शकाल ना? म्हटलं, माझ्याकडे पदवी आहे. तिने अण्णांकडे पाहिलं. शीळ थांबली. अण्णांनी कपाटातून माझे चार शर्ट काढले आणि बॅगेत ठेवले.

१ एप्रिल, दुपारी १२
केंद्रात प्रवेश मिळाला! आतून कामाचा अंदाज येईल. दारातल्या वहीत दोन रकाने होते: 'काळजी घेण्यासाठी दाखल' आणि 'सोबत'. पहिल्यात अण्णांचं नाव लिहिलं, दुसऱ्यात माझं. त्या मुलीने वही आपल्याकडे ओढली, दोन्ही नावं खोडली आणि अदलाबदल करून पुन्हा लिहिली.
खाली सही अण्णांनी केली.